तिसरा साचा कुणाला विचारून?

१९२८ सालच्या पेरणीला घाटावरच्या पुष्कळ घरांत मुंबईची माणसे हजर होती. एरवी होळीला किंवा गावच्या जत्रेला चार दिवस येऊन पुन्हा गिरणीच्या भोंग्याला हजर होणारे हे लोक त्या वर्षी मृगाच्या सुमारास आले आणि पीक हाताशी येईपर्यंत राहिले. एप्रिलअखेर मुंबईच्या जवळजवळ सगळ्या कापडगिरण्या बंद पडल्या होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडेपर्यंत ते बाहेरच राहिले. इतके महिने मुंबईच्या खोलीत बसून खाण्याची ऐपत कुणाची नव्हती. ज्यांना गाव होते त्यांनी गाव गाठले. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या लोकांनी तेच केले. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या डोंगरपट्ट्यातला भात आणि नाचणी, पूर्वेकडची बाजरी, हाच त्या संपाचा खरा फंड होता. पुढाऱ्यांची भाषणे इतिहासात नोंदली गेली. या पिकाची नोंद फारशी कुणी केली नाही.

संपाला कारणे अनेक होती. मजुरीतली कपात हे त्यातले मोठे. पण भांडणाच्या मुळाशी एक प्रश्न होता आणि तो आज कारखान्यांत, कचेऱ्यांत, डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर पुन्हा येऊन ठेपला आहे. कामाची रीत बदलायची, तर ते काम करणाऱ्याला आधी विचारायचे की नाही? तेव्हा प्रश्न मागाचा होता, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या कामगारांनी जवळजवळ तीस वर्षे झगडून कायद्यात लिहून घेतले होते. ते कसे मिळाले आणि कुठे अपुरे राहिले, हे आज सांगण्याची गरज आहे.

उत्तर पुण्याचे हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरवत आले. नाणेघाट किंवा माळशेज उतरून मुरबाडमार्गे कल्याण गाठायचे, तिथून आगगाडी. कुणी डबे पोचवायला लागला, कुणी भाजीबाजारात, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. गावकीची एक खोली परळ-लालबागकडे भाड्याने घेतलेली असे. ट्रंका भिंतीला, वळकट्या खुंटीला. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच जागेवर आडवे व्हायचे. जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर. नोकरी लागायची ती जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने, आणि जॉबर फिरला की जायचीही.

संघटना बांधण्याचे बाळकडू या भागाला गिरण्यांच्या आधीपासून मिळाले होते. जुन्नरच्या लेण्यांतल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. या श्रेणींकडे लोक ठेवीसुद्धा ठेवत. अर्थात श्रेणी म्हणजे कामगार संघटना नव्हे. जास्त जवळचा धागा सत्यशोधकांचा आहे. ओतूर हे सत्यशोधक समाजाचे मोठे ठाणे होते आणि १८८० च्या दशकात जुन्नर भागातल्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायला नकार दिला होता. शेजारच्या खेड तालुक्यातले कन्हेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव. जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने ‘दीनबंधु’ चालवला आणि सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. भारतातल्या कामगार चळवळीचा पाया इथे घातला गेला.

त्याच काळात जुन्नर गावात मात्र दुसरेच घडत होते. जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला जाई. चिंध्या आणि जुने ताग कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, लगदा जाळीवर उचलायचा, ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घासून त्याला झिलई आणायची. कागदी घराण्यांच्या हाताला हे काम पिढीजात बसलेले होते. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा बसत गेला. या लोकांना कुणी नोटीस दिली नाही, कुणी चर्चेला बोलावले नाही. त्यांचा मालकच नव्हता, मग भांडायचे कुणाशी? यंत्र बाजारातून आले की असे होते. मालकाच्या हातून आले तर निदान दार ठोठावायला एक दार असते. गिरणी कामगारांनी ते दार ठोठावले.

१९२८ मध्ये नेमके काय बदलत होते, हे नीट पाहायला हवे. मुंबईत एक विणकर दोन साचे सांभाळी. साचा म्हणजे माग. धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची, धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्राला ओठ लावून तोंडाने ओढून घ्यायचे, उभा धागा तुटला की साचा थांबवून सांधायचा. असे दिवसभर, दोन साच्यांमध्ये फिरत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आणि दमट उकाड्यात. विणकराला पैसे उक्ते मिळत, म्हणजे जितके कापड तितकी मजुरी. साचा थांबला की त्याचे पोट थांबले. कापडात दोष निघाला तर ते कापड त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून कापण्याची रीत होती.

ससून गटाच्या गिरण्यांनी ठरवले की एका विणकराने तीन साचे सांभाळायचे आणि सूतकताईत रिंगच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. मालकांची बाजू उघड होती: जपानी मालाची स्पर्धा, मंदी, आणि परदेशातला कामगार यापेक्षा जास्त यंत्रे सांभाळतो हा दाखला. कामगारांचे म्हणणेही साधे आणि नेमके होते. माझ्या मते त्या सगळ्या कागदपत्रांतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच. साचे किती सांभाळता येतात हे माणसावर जितके अवलंबून आहे तितकेच सुतावर आहे. चांगला कापूस असेल तर धागा कमी तुटतो आणि एखादा माणूस तीन साचेही चालवील. हलका कापूस मिसळून काढलेले सूत हाती दिले, तर दोन साच्यांवरच त्याची दमछाक होते. म्हणजे साच्यांचा आकडा ठरवायचा, तर कापसाचा, हवेतल्या ओलाव्याचा, धागे तुटण्याच्या प्रमाणाचा हिशेब आधी मांडला पाहिजे, आणि तो साच्याजवळ उभा राहणाऱ्यालाच ठाऊक. यंत्र तेच होते, बदलली होती मोजणी. मोजणी कुणी करायची, यावर मुंबई बंद पडली.

या संपात दोन प्रवाह एकत्र आले. ना. म. जोशी यांची मवाळ संघटना आणि मे १९२८ मध्ये नोंदवलेली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, झाबवाला ही नावे वाचकांना माहीत असतात. त्यांच्या बरोबरीने अर्जुन आत्माराम आळवे आणि गोविंद कासले हेही होते, आणि हे दोघे खुद्द गिरणीतले कामगार. संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मांडल्या. कामाच्या पद्धतीत परस्पर बदल नकोत, ही त्यांतली एक ठळक मागणी.

संप मिटला तो न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर. समितीपुढे मालक संघाने मजुरीच्या दरांची आणि गिरणीच्या नियमांची यादी ठेवली, आणि कामगारांच्या प्रतिनिधींनी तिच्यावर कलमवार वाद घातला. दंड किती, रजा कशी, कामावरून काढायचे तर किती दिवस आधी सांगायचे, यंत्र बंद पडले तर मजुरीचे नुकसान कुणी सोसायचे. तोवर हे सगळे मालकाच्या मर्जीने चालत आले होते आणि कामगाराला ते गेटवरच्या पाटीवरूनच कळायचे. आता तेच टेबलावर आले. स्थायी आदेशांचा जो कायदा पुढे १९४६ मध्ये देशभर लागू झाला, त्याची मुळे या बैठकांत आहेत.

समितीचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला सरकारने डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्यासह आळवे-कासल्यांनाही मीरत कटाच्या खटल्यात पकडून नेले. टेबलाशी बसून बोलण्याची सवय लागलेली माणसेच उचलली गेली. १९२९ चा पुढचा संप फसला, आणि वर्षभरापूर्वी पन्नास हजारांवर सभासद असलेली युनियन खिळखिळी झाली.

कामगारांचा आवाज म्हणताना कोणाचा आवाज, हेही विचारलेच पाहिजे. विणकाम खाते हे जास्त मजुरीचे. तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्याला तोंड लावावे लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. तिसऱ्या साच्याविरुद्ध लढणारी माणसे पहिल्या साच्याजवळ आपल्याच सोबत्याला उभे राहू देत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याबद्दल संपाच्या पुढाऱ्यांना उघड जाब विचारला. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि चळवळीने तो पुरता कधी सोडवला नाही. बायकांचेही तसेच. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. पुढे वेगवान यंत्रे आली ती याच खात्यांत, आणि १९७० च्या दशकापर्यंत गिरणीत बाई विरळा झाली. पुरुषांच्या नोकऱ्या वाचवण्याचे करार झाले. बायकांची जागा त्या करारांत हळूहळू झिजत गेली.

तरीही जे मिळाले ते मोठे होते. १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह कायद्याने मालकावर बंधन घातले की कामाच्या अटी बदलायच्या तर आधी नोटीस द्यायची. याच कायद्याने संपाचा हक्क आवळला, म्हणून आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध संप पुकारला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात ९-अ हे कलम आले. ज्यामुळे कामगार कमी होण्याचा संभव आहे अशी यंत्रातली किंवा कामाच्या तंत्रातली सुधारणा करायची असेल, तर २१ दिवस आधी नोटीस. १९५७ च्या जुलैमध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना, तिघांनी मिळून आधुनिकीकरणाच्या अटी मान्य केल्या. कामावर असलेल्या कुणाची नोकरी जाणार नाही आणि कमाई घटणार नाही. फायद्यात कामगाराला वाटा मिळेल. कामाचा बोजा मोजणारा तज्ज्ञ दोन्ही बाजूंना मान्य असेल. १९२८ च्या विणकराचे म्हणणे या शेवटच्या अटीत आले.

श्रम परिषदेचे ठराव कायद्याइतके बांधील नसतात आणि ते अनेकदा मोडले गेले. पण मागायचे काय, याची एक चौकट त्यांनी दिली. तिचा सर्वांत चांगला उपयोग बँक कर्मचाऱ्यांनी केला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांच्या संघटनांनी बँकांच्या संघाशी करार केला: संगणक कुठे बसतील, किती बसतील, त्यावर काम करणाऱ्याला भत्ता किती आणि कपात मुळीच नाही. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये करार सैल होत गेले आणि संगणक सगळीकडे पोचले. संघटनांनी संगणक अडवून धरला, अशी टीका आजही होते. काही वर्षे उशीर झाला हे खरे. पण त्या उशिरात खातेवही लिहिणारा कारकून त्याच काउंटरवर संगणक शिकला आणि त्याच नोकरीतून निवृत्त झाला. हा उशीर मला महाग वाटत नाही.

गिरण्यांचा शेवट मात्र वाईट झाला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांची एक मूलभूत तक्रार आवाजाबद्दलचीच होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलण्याचा हक्क, आणि कामगार ज्यांच्यामागे गेले होते त्यांना तो नव्हता. पुन्हा एकदा माणसे गावी परतली. या वेळी मात्र बहुतेकांना बोलावणारा भोंगा पुन्हा वाजला नाही. कुकडीच्या धरणांचे पाणी तोवर जुन्नर-आंबेगावच्या पूर्वपट्ट्यात फिरू लागले होते. ज्यांची जमीन या पाण्याने भिजली त्यांना शेतीने तारले. पश्चिमेकडच्या डोंगरातल्यांना नाही.

आता आजचे. या तालुक्यांतली तरुण मुले चाकणच्या कारखान्यांत, पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, मालवाहतुकीत आणि घरपोच सेवांत आहेत. त्यांच्या कामात शिरलेली कृत्रिम बुद्धिमत्ता बहुधा दिसत नाही. कॅमेरा हालचाली मोजतो, ॲप पुढची ऑर्डर कुणाला द्यायची ते ठरवते, एखादा प्रोग्राम कर्मचाऱ्यांना गुण देऊन क्रम लावतो. हीच ती १९२८ ची मोजणी. फरक इतकाच की तेव्हा धागा किती वेळा तुटतो हे विणकर सांगू शकत होता. आज आपले गुण कशावरून कमी झाले, हे कामगाराला माहीतच नसते. मग तो भांडणार कशाच्या आधारावर?

नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बदलाच्या नोटिशीचे २१ दिवस तिच्यातही आहेत आणि यंत्र-तंत्राच्या सुधारणेचे ते जुने कलमही तिच्या तिसऱ्या अनुसूचीत आले आहे. पण अट तीच: सुधारणेमुळे कामगार कपात होण्याचा संभव असला पाहिजे. ज्या प्रोग्रामने कुणालाही काढले नाही, फक्त प्रत्येकाला जास्त पळायला लावले, त्याच्यासाठी या ओळीचा आधार घेणे अवघड. ॲपवर काम करणारा तर या संहितेत कामगारच धरला जात नाही. त्याची दखल सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आहे, तीही कल्याण निधीपुरती. ५१ टक्के सभासद असलेल्या संघटनेला एकटीने वाटाघाटीचा हक्क मिळतो. तेवढे नसतील तर २० टक्क्यांवरच्या संघटनांची परिषद. कंत्राटी आणि विखुरलेल्या कामगारांना हा आकडा गाठणे किती कठीण, हे चाकणच्या कुठल्याही गेटवर विचारावे.

बाहेरच्या जगात या प्रश्नावर काही जागा जिंकल्या गेल्या आहेत. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर नजर ठेवणारे तांत्रिक साधन बसवायला कामगार मंडळाची संमती लागते, आणि २०२१ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न आला की मंडळाला मालकाच्या खर्चाने तज्ज्ञ बोलावता येतो. स्पेनने त्याच वर्षी कंपन्यांना अल्गोरिदमची माहिती कामगार प्रतिनिधींना देणे भाग पाडले. हॉलिवूडचे पटकथालेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर राहिले आणि यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, हे त्यांनी करारात लिहून घेतले. आपल्याकडे कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने ॲप-कंपन्यांना स्वयंचलित निर्णयांची माहिती कामगाराला देण्याचे बंधन घातले. राजस्थानने २०२३ मध्ये ॲप-कामगारांसाठी मंडळ आणि व्यवहारामागे शुल्क अशी रचना केली. या रचनेची पहिली बांधणी महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर केलेली आहे. नारायणगाव-मंचरची भाजी वाशीला उतरवणारे हात त्याच कायद्याखाली येतात. महाराष्ट्राने स्वतःची ही शिदोरी ॲप-कामगारांसाठी अजून उघडलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ऊसतोड कामगारांची. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर, या साखर कारखान्यांच्या फडात बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पहाटेच्या काळोखात सुरू होणारी तोड आणि उसात बिबट्या. राज्यात हार्वेस्टर वाढत आहेत. बारामतीच्या प्रयोगानंतर उपग्रह आणि सेन्सरच्या मदतीने उसाची पक्वता सांगणारे तंत्र पसरू लागले आहे, आणि राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचे धोरण मंजूर केले. शेतकऱ्याला याचा फायदा आहे आणि तो मिळालाच पाहिजे. पण कोणता फड आधी तोडायचा, कुठे यंत्र लावायचे आणि आडवा पडलेला, डोंगरउताराचा, यंत्राला न झेपणारा ऊस कुणाच्या वाट्याला द्यायचा, हेही यापुढे त्याच तंत्राने ठरेल. मजुरी टनावर आहे. सोपा ऊस यंत्राला आणि अवघड ऊस कोयत्याला गेला, तर तोच दर हातात कमी पैसे देतो. हलक्या सुतावर तीन साचे चालवण्यासारखेच हे आहे.

साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात बोलणी होतात ती टनामागच्या दराची. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली. पुढचा करार होईल तेव्हा त्यात फडाच्या वाटपाचे कलम हवे. तोडणी कार्यक्रम कोणत्या आधारावर लावला ते टोळीला आधी सांगायचे, अवघड उसाला वेगळा दर द्यायचा, आणि यंत्र व कोयता यांच्यातली वाटणी करणाऱ्या समितीवर तोडणी कामगारांचे प्रतिनिधी, त्यांत निम्म्या बायका, बसवायचे. प्रत्येक कोयत्यात एक बाई असतेच.